दुसऱ्यांदा बिघडला तेव्हा

मेंदूज्वरातून वाचलेल्या पेशंटला घरी सोडताना नातेवाइकांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले : जिवावरचं होतं ते टळलं, आता थोडंफार काही मागे राहील, त्याची सवय करून घ्या. हे सांगणं खोटं नव्हतं. मेंदूचा एखादा भाग विषाणूने खाल्ला की तो पुरता भरून येत नाही. पण २०१७ साली याच समजुतीपायी एका तरुण मुलाचे मोलाचे आठवडे माझ्या हातून वाया गेले. त्याच्या आईला मी हे तोंडावर सांगितलं आहे आणि तिच्या परवानगीनेच इथे लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी फिजिशियन आहे. मुलगा विशी ओलांडलेला, मोंढ्यातल्या एका आडत दुकानात हिशेब लिहायला होता. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी तो तोंडी करायचा. किती कट्टे, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, आडत वजा जाता हातात किती, हे सगळं मालक कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्याचं सांगून झालेलं असायचं. हे मला पुढे त्याच्या मालकानेच सांगितलं.

दोन-तीन दिवस ताप आणि डोकेदुखी, मग दुकानात असंबद्ध बोलणं आणि त्याच रात्री फिट, अशा अवस्थेत तो माझ्याकडे आला. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही. एमआरआयमध्ये कानशिलामागचा मेंदूचा भाग सुजलेला दिसला. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट यायची वाट न बघता अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केलं. रिपोर्ट आला, हर्पीस सिम्प्लेक्सच निघाला. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे बारीक पाणीदार फोड येतात, त्यांचाच हा विषाणू. असंख्य लोकांच्या शरीरात तो आयुष्यभर गप्प पडून असतो. क्वचित एखाद्याच्या मेंदूत शिरतो, आणि शिरला की दया करत नाही. औषध नव्हतं तेव्हा अशा शंभरांतले सत्तरच्या आसपास पेशंट दगावत. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अ‍ॅसायक्लोव्हिरने हे चित्र बदललं. १९८०च्या दशकातल्या चाचण्यांनी ते सिद्ध केलं आणि १९८८ साली एलियन यांना नोबेल मिळालं. दर आठ तासांनी शिरेतून, दोन ते तीन आठवडे, हा त्याचा कोर्स. आम्ही पूर्ण २१ दिवस दिला. मुलगा चालत घरी गेला. सकाळी काय खाल्लं ते त्याला आठवत नव्हतं, पण माणसं ओळखत होता, हसत होता, आईला दुकानातल्या गमती सांगत होता.

डिस्चार्ज कार्डावर मी फिटच्या गोळ्या लिहिल्या आणि महिन्याने दाखवायला सांगितलं. मधल्या काळात काय घडू शकतं, कशावर लक्ष ठेवायचं, याचं एक अक्षरही त्यावर नव्हतं. माझी पहिली चूक तिथेच झाली होती, मुलगा बरा दिसत असताना.

महिना व्हायच्या आतच आई त्याला घेऊन आली. घरी गेल्यावर पहिले काही दिवस तो सुधारत होता, शेजारच्या पोरांबरोबर पारावर बसत होता. मग झोप उडाली. रात्रभर घरात फेऱ्या मारायचा, भावाने जेवणात काही कालवलंय म्हणून ताट भिरकवायचा, मध्येच रडायचा. बोलणं कमी कमी होत दोन-चार शब्दांवर आलं. माझ्यासमोर खुर्चीत बसला होता तेव्हा त्याचा जबडा आडवा हलत होता, ओठ मुडपले जात होते, जीभ पुन्हा पुन्हा बाहेर येत होती. उजव्या हाताची बोटं एकामागून एक वाकत आणि सुटत होती. मी हाक मारली की क्षणभर थांबत, मग पुन्हा सुरू. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. केसपेपरवर तसं लिहिलेलंही आहे.

आई म्हणाली, "बाई, पोरगं चांगलं व्हायलं होतं की. हे काय नवीनच करायलंय आता?"

मी तिला समजावलं. "मावशी, त्याच्या मेंदूला मार बसलाय. त्या आजाराचंच हे मागे राहिलेलं आहे. वेळ लागेल."

ती पुन्हा म्हणाली, "मागं राहिलेलं असतं तर आधीपासून असतं ना?"

या प्रश्नात अख्खं निदान होतं. जखम भरल्यावर राहिलेला व्रण आपणहून वाढत नाही. विषाणूने केलेलं नुकसान पहिल्या दिवसापासून दिसायला हवं आणि दिवसागणिक कमी व्हायला हवं, फार तर आहे तिथेच थांबायला हवं. सुधारलेला माणूस नव्या लक्षणांनी पुन्हा बिघडतो तेव्हा मेंदूत काहीतरी नवं चाललेलं असतं. हे कळायला न्यूरॉलॉजीची पदवी लागत नाही. त्या बाईला ते कळलं होतं. मला ऐकू आलं, पण मी ऐकलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर आधीच तयार होतं.

मी त्याला गावातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्या चिठ्ठीची नक्कल आजही माझ्या फाइलमध्ये आहे. त्यात मी लिहिलं होतं, की हर्पीस मेंदूज्वर पूर्ण बरा झालेला आहे, त्यानंतर उरलेले वर्तनदोष आहेत, योग्य ते औषध द्यावं. तोंडाच्या हालचालींचा त्यात उल्लेखच नाही. समोरच्या डॉक्टरला मी प्रश्न विचारलाच नाही, माझं उत्तर त्याच्या हाती दिलं. त्याने त्यावर विश्वास ठेवून हॅलोपेरिडॉल सुरू केलं. मुलगा आणखी ताठरला, एका जागी तासन्‌तास तसाच बसू लागला, अंग घामाने भिजायचं. तो तरुण डॉक्टर प्रामाणिक होता. त्याने औषध लगेच बंद केलं आणि मला फोन केला. म्हणाला, "मॅडम, हे मला मनोविकाराचं वाटत नाही. हा कॅटाटोनिया आहे आणि मूळ मेंदूत आहे. पुन्हा बघता का?" तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी त्याला म्हणाले, मेंदू जळलाय त्याचा, असंच असणार. फोन ठेवला तेव्हा मला काही खटकलंही नव्हतं.

दरम्यान घरच्यांनी मुलाला एका देवस्थानी नेऊन आणलं. त्याबद्दल मला तेव्हा राग आला होता. आज त्या रागाची मला लाज वाटते. माझ्याकडून मिळालेलं उत्तर त्यांना पटलेलं नव्हतं आणि ते पटण्यासारखं नव्हतंच. मग ते दुसरीकडे उत्तर शोधणारच.

पुन्हा फिट आली आणि तो दाखल झाला. आता मला वाटलं, विषाणूच परतला. हे वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं, क्वचित तसं होतं. पाठीतलं पाणी काढलं, हर्पीसचा पीसीआर केला. निगेटिव्ह आला. तो मी मानायला हवा होता. मी मानला नाही. अगदी सुरुवातीच्या दिवसांत हा पीसीआर कधी कधी फसवा निगेटिव्ह येतो, तेवढं एक वाक्य धरून बसले आणि पुन्हा अ‍ॅसायक्लोव्हिर लावलं. मेलेल्या शत्रूवर आम्ही दर आठ तासांनी औषध ओतत राहिलो. मुलाच्या अंगाची थरथर, कधी वाढणारा, कधी घसरणारा नाडीचा वेग, रात्रीचं ओरडणं, यातलं काहीच कमी होत नव्हतं.

खरं कारण मला ठाऊक नव्हतं असंही नाही. फक्त ते माझ्या डोक्यात चुकीच्या कप्प्यात होतं. होसे दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीमुळे होणारा मेंदूदाह वर्णन केला. त्यातल्या बारा बायकांमध्ये ट्यूमर होता, बहुतेकींच्या बीजकोषात. परिषदेत मी ते ऐकलं होतं आणि मनाशी नोंद केली होती : तरुण मुलगी, अचानक वेडसर वागणं, बीजकोषात गाठ. माझा पेशंट मुलगा होता, त्याला गाठ नव्हती, त्याला तर विषाणूचा आजार झाला होता. म्हणून तो कप्पा मी उघडलाच नाही. २०१२ साली बर्लिनच्या हाराल्ड प्र्यूस यांनी हर्पीस मेंदूज्वराच्या ४४ पेशंटचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा १३ जणांत याच अँटिबॉडी सापडल्या होत्या. नंतर, २०१४ साली, बार्सिलोनाच्या थायस आर्मांगे आणि दाल्माऊ यांच्या गटाने हर्पीसनंतर बिघडणाऱ्या पेशंटमध्ये या अँटिबॉडीच कारण असल्याचं दाखवलं. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा हे सगळं छापून येऊन वर्षं झाली होती. मी वाचलं नव्हतं.

आजार होतो तो बहुधा असा. विषाणू मेंदूच्या पेशी फोडतो. एरवी पेशींच्या आड राहणारी, शरीराच्या पहाऱ्याला कधी न दिसलेली प्रथिनं त्या पडझडीत उघडी पडतात. विषाणूशी लढायला आलेल्या पेशी त्यांनाही परकं समजतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतात. त्यात एनएमडीए रिसेप्टर सापडला की पंचाईत होते, कारण आठवण बनणं, विचारांची संगती, हालचालींवरचा ताबा, या सगळ्यांना तो लागतो. अँटिबॉडी त्याला चिकटतात, आणि चेतापेशी आपल्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर आत ओढून घेते. माणूस भ्रमिष्ट होतो, मुका होतो, तोंड आणि हात आपोआप हलू लागतात. पण पेशी मरत नाही. अँटिबॉडी हटवल्या तर रिसेप्टर पुन्हा वर येतात. विषाणूने केलेलं नुकसान कायमचं, हे परतवता येण्याजोगं. आणि मी घरच्यांना नेमकं उलट सांगत होते, की आता काही करता येण्यासारखं नाही.

मला जाग आली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो पुण्यात न्यूरॉलॉजीचं शिक्षण घेत होता, दिवाळीला घरी आला म्हणून भेटायला आला. राउंडवर सोबत आला, मुलाचं तोंड बघून दारातच थांबला. म्हणाला, मॅडम, ऑटोइम्यून पॅनल पाठवलंय का? मी पाठवलं. पण केवळ रक्त पाठवलं. पाठीतलं पाणी पुन्हा काढायचं तर आई घाबरणार, खर्च वाढणार, आणि आधी काढलेल्या पाण्यातलं उरलेलं लॅबने टाकून दिलेलं, कारण ते ठेवा असं मी सांगितलं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि, खरं लिहायचं तर, मला बरं वाटलं. आपण चुकलो नव्हतो असं वाटून बरं वाटलं. पोराला बरं वाटावं म्हणून तपासणी केली होती आणि रिपोर्ट वाचताना मी माझाच विचार करत होते.

त्या विद्यार्थ्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्यात बघितलंत?" या आजारात अँटिबॉडी मेंदूभोवतीच्या द्रवात असतात, रक्तात त्या शंभरांतल्या चौदा-पंधरा पेशंटमध्ये सापडतच नाहीत. पुन्हा सुई घातली. आईने काही न विचारता सही केली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

तरीही मी लगेच स्टिरॉइड सुरू केलं नाही. ही चूक सांगायला मला सगळ्यात जड जातं, कारण तिच्यात भीती आहे आणि भीतीला मी सावधपणा म्हणत होते. हर्पीसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती दाबली तर विषाणू उसळेल, पोरगं जाईल आणि मग लोक काय म्हणतील, हे सगळं मनात होतं. पीसीआर निगेटिव्ह होता. अ‍ॅसायक्लोव्हिर सोबत चालू ठेवता येत होतं. अडायचं कारण नव्हतं. विद्यार्थ्याच्या वरिष्ठांनी शेवटी मला स्पष्ट विचारलं, "तुम्ही कशाची वाट बघताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मेथिलप्रेडनिसोलोन रोज एक ग्रॅम, पाच दिवस. नंतर त्याला मोठ्या शहरात हलवून प्लाझ्मा बदलला, पुढे रिटुक्सिमॅब दिलं. इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च लाखांत जातो, तो या घराला झेपणारा नव्हता. मालकाने आणि मोंढ्यातल्या हमालांनी वर्गणी काढली, ती प्लाझ्माच्या खर्चात गेली. पण इतक्या दिवसांत मी जे अडवून धरलं होतं, ते पहिलं औषध, स्टिरॉइड, त्या मानाने स्वस्त होतं आणि आमच्याच मेडिकल स्टोअरमध्ये होतं.

आधी झोप आली. मग तोंडाची हालचाल दिवसभरावरून तासावर आली. एका सकाळी त्याने नर्सला विचारलं की हे कुठलं गाव. तिने मला धावत येऊन सांगितलं, कारण कित्येक दिवसांत त्याने पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, आर्मांगे यांचा मोठा अभ्यास 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आला. स्पेनमधल्या हर्पीस मेंदूज्वराच्या ५१ पेशंटवर त्यांनी आजाराच्या सुरुवातीपासून लक्ष ठेवलं होतं. त्यांतल्या १४ जणांना हा दुसरा आजार झाला, म्हणजे चौघांतल्या एकाहून जास्त, आणि सगळ्यांना साधारण दोन महिन्यांच्या आत. चार वर्षांपर्यंतच्या मुलांत वेड्यावाकड्या हालचाली आणि गुंगी जास्त, त्याहून मोठ्यांत संशय, भास, बदललेलं वागणं जास्त. मी तो लेख ओपीडी संपल्यावर वाचला. माझा मुलगा त्यात ओळीओळीत होता. हा दुर्मीळ योगायोग आहे असं मी स्वतःला समजावत आले होते. तो दुर्मीळ नव्हता. मग माझ्या हातून याआधी मेंदूज्वरातून वाचलेले, नंतर "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून घरात बसलेले पेशंट आठवू लागले. त्यांतले काही असेच असतील का? त्यांच्या पाठीतलं पाणी आता कुठे आहे? हे मला कधीच कळणार नाही, आणि माझ्या सगळ्या चुकांत ही न कळलेली चूकच मला जास्त छळते.

आपल्याकडे याचा विचार हर्पीसपुरता ठेवून भागत नाही. जपानी मेंदूज्वरानंतरही हाच आजार झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. नागपूरकडच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू १९६५ साली पुण्याच्या विषाणू संस्थेत ओळखला गेला, आणि २००३ साली त्याच्या मेंदूज्वराने आंध्रात आणि महाराष्ट्रात लहान मुलांचे बळी घेतले. मेंदूज्वराची साथ आली की आमचं सगळं लक्ष डास, वाळूमाशी, ताप आणि मृत्यूंच्या आकड्यांवर असतं, आणि ते बरोबरच आहे. मूल वाचलं की नोंद बंद होते. वाचलेलं मूल पाचव्या-सहाव्या आठवड्यात कसं आहे हे विचारायला कोणी जात नाही. मीही जात नव्हते.

मुलगा आज दुकानात जातो. पोत्यांवर मार्का टाकतो, गाडी भरताना कट्टे मोजतो, मोजणी बहुतेक बरोबर येते. पट्टी मात्र करत नाही. काल आलेला शेतकरी आज त्याला नवा वाटतो. त्याच्या आईला मी सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "आधीच दिलं असतं तर हिशेब करता आला असता का?" मी तिला सांगितलं की मला खरंच माहीत नाही. आठवण ठेवणारा भाग पहिल्या आजारात विषाणूनेच पोळला होता. त्यातलं किती नुकसान विषाणूचं आणि किती मी घालवलेल्या आठवड्यांचं, हे कुठल्याच एमआरआयवर दिसत नाही. मात्र ५७७ पेशंटच्या २०१३ सालच्या अभ्यासात उपचार लवकर सुरू झालेले पेशंट जास्त चांगले सावरले होते, हेही मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली.

आता मेंदूज्वराच्या प्रत्येक पेशंटच्या पाठीतल्या पाण्याची एक कुपी गोठवून ठेवायला मी लॅबला सांगते. मनोविकारतज्ज्ञाला चिठ्ठी लिहिताना निदान सांगत नाही, काय दिसलं ते लिहिते आणि त्याला काय वाटतं ते विचारते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यांच्याच अँटिबॉडी तपासाव्यात असं मला वाटतं. पण तपासणी महाग आहे आणि लांबच्या खेड्यातून त्यासाठी येणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून पहिले तीन महिने दर आठवड्याला आमची सिस्टर घरी फोन करते. फोन नसेल तिथे गावच्या आशाताईला देण्यासाठी चिठ्ठी देतो. त्यात लिहिलेलं असतं : पेशंट सुधारत असताना झोप उडाली, बोलणं कमी झालं, संशय घेऊ लागला, उगाच हसू-रडू लागला, तोंड किंवा हात आपोआप हलू लागले, फिट आली, लहान मूल असेल तर बसायचं-चालायचं विसरलं, तर महिना संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी घेऊन या. रात्र असली तरी चालेल. आणि घरच्यांना "हे नवीन आहे" असं वाटत असेल, तर येताच आधी तेच डॉक्टरांना सांगा, त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.